गेटबाहेरचे कान

चाकणला इंटर्नशिप केलेल्यांना माहीत आहे, प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर इअरप्लगशिवाय आत सोडत नाही. गेटबाहेर आलो की प्लग खिशात, आणि रविवारी जुन्या हायवेने लोणावळा! मित्रांनो, ताशी 100 ला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतली नायॉश ही संस्था एवढा आवाज दिवसाला 15 मिनिटंच सुरक्षित मानते. फोमचा प्लग स्वच्छ हातांनी बारीक वळायचा, कान वर-मागे ओढून आत सरकवायचा, फुगेपर्यंत बोटाने धरायचा. हॉर्न ऐकू येतो, कारण वाराही दबतो. कानातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. नियम कंपनीचा असेल, पण कान आपलेच ना?