कांद्याचा ढीग आणि गाईची गव्हाण

चिंचवडच्या पलीकडे चाकणचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. भाव कोसळले की न खपलेला कांदा गुरांपुढे टाकण्याचा मोह होणे साहजिक आहे. कारखाने आणि वसाहतींच्या विस्तारात चराऊ जमीन आक्रसली. उरलेल्या गोठ्यांना चारा विकत घ्यावा लागतो. शिवाय कांद्याच्या सालीत क्वर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक, द्रव्य असते. तेव्हा तो हितकारकच ठरेल, असा युक्तिवाद सुशिक्षित मनुष्यही सहज करील.

परंतु हा युक्तिवाद घातक आहे. कांद्यातील गंधकयुक्त संयुगे गाईच्या रक्तातील हिमोग्लोबिनचेच ऑक्सिडीकरण करतात. तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते, प्रसंगी जनावर दगावते. शेळ्या-मेंढ्या कांदा पुष्कळ सोसतात. गाय मात्र त्याला लवकर बळी पडते. म्हणूनच शुष्क आहाराच्या चतुर्थांशाहून अधिक कांदा गाईला देऊ नये, आणि तोही इतर चाऱ्यात नीट मिसळूनच द्यावा.

मग शेतीतील दुय्यम माल गुरांना चारूच नये काय? तसे मुळीच नव्हे. कडबा, उसाचे वाढे, सरकीची पेंड यांवरच आपला दुग्धव्यवसाय उभा आहे. उणीव आहे ती निराळीच. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटिन आणि ई-जीवनसत्त्व वाळलेल्या कडब्यात फारसे उरत नाही. विण्याच्या सुमारास गाईच्या शरीरावर ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. तेव्हा ई-जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडले तर वार अडकते, कासदाह बळावतो. ही द्रव्ये पुरविल्यास कासदाह घटतो, हे अमेरिकेत ओहायोतील संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले.

द्राक्षांचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यात पॉलिफिनॉल द्रव्ये विपुल असतात. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील हा चोथा उपयोगी पडू शकेल. पण ओला चोथा लवकर बुरसतो आणि त्यातील टॅनिन अतिरिक्त झाल्यास प्रथिनांचे पचन मंदावते. बुरसलेल्या शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिन तर दुधातून थेट आपल्या घरात येते.

१९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीत पेनिसिलिन बनविले आणि अनेकांचे प्राण वाचविले. प्रतिजैविकांचे मोल या परिसराला नव्याने सांगावयास नको. परंतु त्यांच्या अतिवापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हेही आता सिद्ध झाले आहे. सुई टोचण्याची वेळ येऊ नये यासाठी गव्हाणीकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे होय.

हे काम एकट्या गोठेवाल्यावर सोपविणे अन्यायाचे ठरेल. बाजार समितीने टाकाऊ माल निवडून वाळविण्याची सोय करावी, दूध संघांनी पेंडीची तपासणी करावी आणि पशुसंवर्धन खात्याने कोणता पदार्थ कोणत्या जनावराला किती द्यावा याचा सोपा मराठी तक्ता प्रत्येक दूध संकलन केंद्रावर लावावा. खर्च थोडाच येईल. आणि तो न केल्यास त्याची भरपाई गाय आणि दूध पिणारी मुले करतील.