नग मोजायचा कोणी? कामागणिक पैसे घेणारं सॉफ्टवेअर आणि कागलचं जॉबवर्क

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या लहान मशिन शॉपच्या मालकाला कामाचा दर विचारा. तो महिन्याचा आकडा सांगणार नाही, नगाचा दर सांगेल. फौंड्रीतून कास्टिंग येतं, त्यावर टर्निंग-ड्रिलिंग होतं, नग तपासणीत पास झाला की त्याचे पैसे. शेजारच्या इचलकरंजीत खर्चीवाले यंत्रमागधारक पिकाच्या दरानं मजुरी घेतात. पीक म्हणजे कापडातला आडवा धागा. जितके धागे, तितकी मजुरी. जितकं काम तितकी उजरत, हा हिशोब आपल्या घरांना नवा नाही.

त्याच मालकाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर मात्र वेगळ्या हिशोबानं चालतो. बिलिंग, हजेरी, स्टॉक, यासाठीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं भाडं महिन्याचं किंवा वर्षाचं असतं. ऑर्डर थंडावल्या, मशिन अर्धा दिवस बंद राहिलं, तरी भाडं चालूच.

आता यात बदल होतोय. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सॉफ्टवेअर नुसतं अवजार न राहता स्वतः काम करू लागलं आहे, आणि कंपन्या कामागणिक पैसे मागू लागल्या आहेत. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर देणारं ‘फिन’ हे सॉफ्टवेअर इंटरकॉम कंपनीनं 2023 मध्ये आणलं. दर ठेवला सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाला 99 सेंट. झेनडेस्कनं 2024 मध्ये हीच वाट धरली. सेल्सफोर्सनं त्याच वर्षी प्रत्येक संभाषणाला 2 डॉलर असा दर लावला, पुढे 2025 मध्ये प्रत्येक कृतीमागे 10 सेंट असाही पर्याय दिला. कल्पना तशी जुनीच. ब्रिस्टल सिडली कंपनीनं 1962 मध्येच विमानाच्या इंजिनाची देखभाल उड्डाणाच्या तासावर द्यायला सुरुवात केली होती.

लहान उद्योजकाला हे परवडेल का? एक साधं गणित मांडू. समजा, बिलिंगचं भाडं महिना 1,500 रुपये आहे आणि कामागणिक दर एका बिलाला 5 रुपये. म्हणजे 300 बिलांना दोन्ही सारखंच. मंदीच्या महिन्यात 80 बिलं झाली तर 400 रुपयांत काम भागलं, 1,100 वाचले. पण मार्चमध्ये 700 बिलं निघाली तर 3,500 रुपये मोजावे लागतील. ज्याचं काम कमी-जास्त होतं त्याला मंदीत आधार मिळतो. ज्याचं काम बारमाही भरपूर, त्याला भाडंच स्वस्त. इथवर सोपं आहे.

खरी मेख पुढे आहे. काम ‘झालं’ हे ठरवायचं कोणी?

एमआयडीसीत हा वाद रोजचा. मशिनिंग झाल्यावर नगात ब्लोहोल दिसलं, तर मशिन शॉप म्हणतं कास्टिंगच पोकळ होतं, फौंड्री म्हणते तुम्ही काम बिघडवलं. म्हणून तर ड्रॉइंग असतं, गेज असतो, तपासणीचा कागद असतो. मालासोबत चलन जातं. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल साधारणपणे एका वर्षात परत यावा, असा जीएसटीचा नियमही आहे. म्हणजे बनवणारा एक, तपासणारा दुसरा, आणि मध्ये कागद.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत बनवणारा, मोजणारा आणि बिल लावणारा अनेकदा एकच असतो. फिनच्या नियमात, उत्तर मिळाल्यावर ग्राहकानं आणखी मदत न मागता संभाषण सोडलं, तरी प्रश्न सुटला असं धरता येतं. ग्राहक समाधानानं गेला की कंटाळून गेला, हे त्याच्या गप्प राहण्यावरून कसं कळणार? ऑपरेटरनं स्वतःच नग मोजावेत आणि स्वतःच पास करावेत, असं कुठला मालक चालवून घेईल?

आम्हा शिक्षकांना बोर्डाच्या पेपर तपासणीचं मानधन उत्तरपत्रिकेगणिक मिळतं. पण आमच्यावर नियामक असतो, तो काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो. त्यात आमच्यावरचा अविश्वास नसतो. नगावर पैसे दिले की हात आपोआप वेगानं चालतो, म्हणून दुसरी नजर लागते. कष्टाळू माणसालाही ती लागते, मग यंत्राला का नको?

त्यामुळे उद्या कोणी विक्रेता ‘काम होईल तेवढेच पैसे’ म्हणत दारात आला, तर लगेच नाही म्हणू नका, लगेच सहीही करू नका. चार गोष्टी लेखी मागा. एक, काम पूर्ण झालं म्हणजे नेमकं काय झालं? दोन, चुकीचं बिल निघालं, दुरुस्ती करावी लागली, तर ते काम मोजलं जाणार का? तीन, महिन्याच्या बिलाला कमाल मर्यादा किती? चार, करार सोडला तर आपला सगळा हिशोब आपल्याला परत मिळेल का? शिवाय ई-वे बिल सरकारी पोर्टलवर फुकट निघतं. फुकटच्या कामाला नगाचा दर तर लावला जात नाही ना, हेही बघा.

शेवटी घरातल्या मुला-मुलींबद्दल. आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली बी.कॉम. करून, टॅली शिकून ऑफिसात बिलिंगला बसतात. एका बिलाचा दर 5 रुपये ठरला, की मालक तिच्या पगाराची तुलना त्या 5 रुपयांशी करणार, हे उघड आहे. नुसती एंट्री करणाऱ्या हातावर पहिला घाव पडेल. पण चलनाशी बिल जुळवून पाहणारी, चुकीचा कर दर पकडणारी, ‘हे काम झालेलं नाही, याचे पैसे देऊ नका’ असं पुराव्यासह सांगणारी मुलगी मालकाचे रोज पैसे वाचवेल. म्हणून एंट्रीबरोबर जीएसटीचे नियम, चलन-बिलाची जुळवणी आणि करार वाचणंही शिकवा. आई-वडिलांनी कोर्सची फी भरताना क्लासवाल्यांना एवढं तरी विचारावं, की इथे तपासायला शिकवता का?

नगावर पैसे द्यायला कागलची ना नाही. फक्त गेज आपल्या हातात हवा.