यशाच्या सवयीची किंमत

नव्या शोधामुळे जुन्या कंपन्या बुडतात, असे सर्रास म्हटले जाते. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. कोडॅकचा इतिहास पाहिला, तर शोधापेक्षा जुन्या नफ्याचा मोह अधिक घातक ठरल्याचे दिसते.

जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आणून छायाचित्रणाची कला सामान्य माणसाच्या हाती दिली. अमेरिकेतील रॉचेस्टर शहर या कंपनीच्या आधाराने वाढले. आपल्याकडील फोटो स्टुडिओंनाही कोडॅकचे पिवळे खोके परिचयाचे होते. कॅमेरा एकदाच विकला जाई; रोल, कागद आणि रसायने मात्र पुन्हा पुन्हा विकली जात. खरा नफा त्यांतच होता.

१९७५ साली याच कंपनीतील तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा तयार केला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवण्यास त्याला २३ सेकंद लागत. यंत्र ओबडधोबड होते. पण त्याला रोल लागत नव्हता, आणि नेमके तेच कंपनीला अडचणीचे वाटले. पुढे कोडॅकने डिजिटल कॅमेरे विकले, त्यांत पैसाही ओतला. तरी रोलच्या नफ्याची जागा त्यांना भरून काढता आली नाही. अखेर जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली, परंतु पूर्वीचे वैभव परतले नाही.

हेच वादळ जपानच्या फुजीफिल्मवरही आले. रोल बनवताना मिळवलेले रसायनशास्त्राचे ज्ञान तिने सौंदर्यप्रसाधने, औषधे आणि पडद्यांसाठी लागणाऱ्या पातळ पटलांकडे वळवले. तिलाही हजारो कामगार कमी करावे लागले; पण कंपनी टिकली. आपले उत्पादन म्हणजेच आपले ज्ञान, असा समज तिने करून घेतला नाही.

या कथेतील एक बाजू व्यवस्थापनाच्या पुस्तकांत क्वचितच ठळकपणे येते. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कोडॅकच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचे वैद्यकीय लाभ संपुष्टात आले. निर्णय मूठभरांनी घेतले. किंमत मात्र आयुष्यभर इमानाने काम केलेल्यांनीही मोजली.

म्हणूनच हा विषय या स्मरणिकेत मांडावासा वाटतो. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या अनेक मुलांच्या एका नोकरीवर संपूर्ण घर उभे असते. कोणत्या कंपनीत नोकरी कायमची टिकेल, असा प्रश्न पालक आस्थेने विचारतात. तशी हमी कोणत्याही नावाजलेल्या पाटीत नाही, हे त्यांना स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. मुलांना यंत्र चालवण्यास शिकवावेच, पण ते ज्या तत्त्वावर चालते ते अधिक पक्के शिकवावे. यंत्र बदलले, तरी तत्त्वाचे ज्ञान कामी येते.

तथापि सारा भार कामगाराच्या शिरावर टाकणे अन्यायाचे होईल. आपले जे माजी विद्यार्थी आज कारखाने, दुकाने वा कार्यालये चालवतात, त्यांच्याकडून आमची अपेक्षा आहे: हाताखालचा तरुण काही नवे घेऊन आला, तर आजच्या नफ्यासाठी त्याला गप्प करू नये, आणि जुने काम संपणार असे दिसताच, सोबतच्या माणसांना नवे काम शिकवण्याची सोय आधी करावी.