नाणे कुठले, ते आधी विचारा

पिंपळगाव राजाच्या शिवारात विहीर खणताना चांदीची चार जुनी नाणी वर आली, असे समजा. कायदा म्हणतो, जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी द्या. हा निखात निधीचा कायदा १८७८चा. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन त्याच्या कक्षेत येते. आणि सरकारने ते ठेवून घेतले तर मोबदला काय? धातूची किंमत, वर तिचा पाचवा हिस्सा. ती रोमन निघाली तरी दिनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे, भरतो साडेतीन-पावणेचार ग्रॅम. तेवढ्यासाठी कचेरीचे खेटे कोण घालील? खामगावची चांदीची पेठ जवळच आहे, आणि मोड म्हणून एकदा मुशीत गेलेले नाणे पुन्हा दिसत नाही. मोबदल्याचा हा नियमच नाण्याला मुशीकडे ढकलतो, असे आमचे मत आहे. तो बदलावा म्हणून नाणेसंग्राहकांच्या मंडळांनी एकत्र निवेदन द्यायला हवे.

पण सगळा दोष कायद्यावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. रोमन नाणी जमवण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही वाढली आहे. ऑगस्टस किंवा टायबेरियसचा दिनारियस ट्रेमध्ये असला की संग्रहाला वजन येते. आणि विक्रेत्याने ‘हे इथलेच, वऱ्हाडातले’ असे कानात सांगितले, की भाव चढतो. कुठले गाव, कुणाचे शेत, सोबत आणखी काय निघाले, हे मात्र कुणी विचारत नाही.

ते विचारायलाच हवे. कारण भारतातले रोमन नाण्यांचे मोठे साठे मुख्यत्वे दक्षिणेत सापडले आहेत. आंध्र-तेलंगणच्या बाजूला अक्कनपल्लीत १,५३१ दिनारियस मिळाले. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८मध्ये ५०१ सोन्याची नाणी निघाली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. सातवाहनांच्या महाराष्ट्रात त्या मानाने फारच थोडी. व्यापार नव्हता म्हणावे, तर ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर दोन्ही आहेत, आणि बुलढाण्याच्या शेजारी भोकरदनच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर पाँपेईत १९३८मध्ये सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी. मग पैसा गेला कुठे? परकी चांदी इथे आटवून नव्याने पाडली गेली, हे एक उत्तर दिले जाते. जुन्या नाण्याला मान देण्यापेक्षा त्यावर आपली छाप उठवण्याची रीत तेव्हा होतीच. सिन्नरजवळ जोगळटेंभीला १९०६मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता.

याच नहपानाचा जावई उषवदात, त्याचा नाशिकच्या लेण्यांतला लेख एका सुवर्णाला ३५ कार्षापण असा दर देतो. हा सुवर्ण म्हणजे ऑरियस हे रोमन सोन्याचे नाणे असावे, असे काही अभ्यासक मानतात, काहींना ते कुषाणांचे नाणे वाटते. नाशिक परिसरात साठा नेमका कुठे व कशासोबत सापडला याची नीट नोंद जितकी जास्त, तितकी अशा वादाची उकल सोपी. सुट्या, बेवारस ऑरियसचा इथे काडीचाही उपयोग नाही.

आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घ्या. मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळ्याचा सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा १९३९मध्ये मिळाला. महामहोपाध्याय मिराशींना तो एकत्र अभ्यासता आला, म्हणून पुराणांच्या याद्यांत नसलेल्या राजांची नावे पुढे आली. दिसायला ही नाणी मळकी, लिलावात त्यांना कुणी विचारणार नाही. तरी माहिती नसलेल्या दिनारियसपेक्षा ठावठिकाणा असलेले तऱ्हाळ्याचे एक पोटीन नाणे आम्ही केव्हाही वरचे मानू. तेरला रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदके मिळतात. गळ्यात घालायची, पुतळ्यांच्या माळेची ती पूर्वजच. तीही बाजारात येतात, पण आमचा सल्ला, हात आखडता घ्या.

विकत घ्यायचेच तर परदेशी लिलावातले जुने, कागदपत्रे असलेले नाणे घ्या. सीमाशुल्काची पावती जपा. आपल्याकडचे प्राचीन नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२चा पुरावस्तू कायदा त्याला आडवा येतो. वजन करा, कड भिंगाखाली पाहा. साच्याची शिवण किंवा बुडबुडे दिसले तर ते ओतीव, म्हणजे बहुधा बनावट. चिंच-लिंबाने घासू नका, हे पुन्हा सांगावे लागते याचे वाईट वाटते.

आपल्या भागात नाणी निघाल्याचे कानावर आले, तर गाव, गट क्रमांक, खोली आणि सोबतचे खापर यांचे टिपण करा, फोटो काढा आणि वर्दी दिली गेली का ते पाहा. नाणे तुमच्या संग्रहात येणार नाही. तरीही टिपण आमच्याकडे पाठवा. आम्ही ते छापू.