दुखतंय कुठे, हे आपलं आपण सांगावं!

मैत्रिणींनो,

गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचं पत्र आलं. तिच्या मिस्टरांना कंपनी तीन वर्षांसाठी इटलीला पाठवते आहे. पत्रात तिनं सगळं विचारलंय. कुकर न्यावा का, डाळी किती न्याव्यात, थंडीत साडी नेसता येते का. आणि शेवटी सहज एक ओळ: "भाषेचा प्रश्न नाही. हे ऑफिसात शिकतील, मुलगा शाळेत शिकेल. मला काय, घरातच तर राहायचंय!"

कुकर जरूर न्या. थंडीचं, डाळींचं पुढच्या खेपेला सांगते. आज मात्र त्या शेवटच्या ओळीबद्दलच लिहिणार आहे. कारण २०१६ साली टोरिनोला जाताना अगदी हेच वाक्य मी माझ्या जाऊबाईंना ऐकवलं होतं.

पहिले सहा महिने छान गेले. नवं घर, नवा गाव, ट्रॅममधून फिरणं. काही अडलं की 'हे' होते आणि हे नसले की लेक होती. अकरा वर्षांची पोर, चार महिन्यांत शाळेतल्या मैत्रिणींशी भांडण्याइतकी भाषा शिकली! वाण्याकडे, पोस्टात, शाळेतल्या पालकसभेतसुद्धा तीच माझी दुभाषी. बाई तिच्याबद्दल जे बोलायच्या ते तीच मला सांगायची. त्यातलं किती गाळायची, देव जाणे!

त्याच हिवाळ्यात मला त्रास सुरू झाला. पाळीचा काही ताळमेळ राहिला नाही, मधेच रक्त जायचं, ओटीपोटात दुखायचं. हे बाहेरगावी गेलेले, म्हणून लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सज्जन, वयस्क गृहस्थ. त्यांनी विचारलं, लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून परक्या पुरुषाला हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "सांग, पोटात दुखतं." तिनं तेवढंच सांगितलं. त्यांनी पोटदुखीची गोळी लिहून दिली. चूक त्यांची नव्हतीच. मी सांगितलंच नव्हतं, तर त्यांना कळणार कसं?

परत येताना ट्रॅममध्ये लेकीनं विचारलं, "आई, तू खोटं का सांगितलंस?" तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. त्या रात्री ठरवलं, बस्स झालं. ही भाषा शिकायची.

तिथे प्रौढांच्या शिक्षणाची सरकारी केंद्रं आहेत. बाहेरून आलेल्यांना ती प्राथमिक इटालियन शिकवतात. सकाळचे वर्ग असतात, संध्याकाळचेही असतात, आणि फी अगदी नाममात्र. सगळ्यांत खालची पायरी 'ए-१', तिच्या वरची 'ए-२'. माझ्या वर्गात पेरूची एक बाई होती, मोरोक्कोच्या दोघी, युक्रेनची एक आजी, आणि चाळिशी उलटलेली मी. नवी वही, नवं पेन घेऊन बाकावर बसले तेव्हा छाती धडधडत होती, पण खरं सांगू? मजाही वाटत होती.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. बाईंनी विचारलं, कशा आहात? मी ऐटीत म्हटलं, "सोनो स्तांको." सगळा वर्ग हसला. हे रोज संध्याकाळी घरी आले की तेच म्हणायचे, 'मी थकलो'. तेच मी उचललं होतं! बाईनं म्हणायचं 'सोनो स्तांका', थकले. सहा महिने मी नवऱ्याच्या तोंडची भाषा बोलत होते, पुरुषाची! म्हणून म्हणते, मैत्रिणींनो, घरातल्या पुरुषाकडून ऐकून शिकलेली भाषा अर्धी शिकावी लागते आणि अर्धी पुसावी लागते.

पण घाबरू नका. मराठी बोलणारीला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. इंग्रजीच्या वाटेनं गेलात तर अडखळाल. मराठीच्या वाटेनं जा.

आता हेच बघा. 'आंदातो' म्हणजे गेलो, 'आंदाता' म्हणजे गेले. आपण 'मी गेलो', 'मी गेले' म्हणतोच की! शिवाय क्रियापदावरून माणूस कळतो, म्हणून 'मी' वेगळं म्हणावं लागत नाही. आपणही 'येते हं' म्हणतो, 'मी येते हं' कुठे म्हणतो?

विशेषणाचंही तसंच. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' तसं 'बुओनो' आणि 'बुओना'. बहुतेक पुल्लिंगी नामं 'ओ'नं संपतात आणि अनेकवचनात 'ई' होतात. बहुतेक स्त्रीलिंगी 'आ'नं संपतात आणि 'ए' होतात. 'ए'नं संपणारी मात्र कुठल्याही लिंगाची असू शकतात, ती पाठच करावी लागतात. नपुंसकलिंग नाहीच, म्हणजे आपल्यापेक्षा एक कटकट कमी! अपवाद आहेत. 'मानो' म्हणजे हात, 'ओ'नं संपतो तरी स्त्रीलिंगी. आपल्याकडे तरी 'दार' आणि 'भिंत' यांची लिंगं कुठल्या नियमानं ठरली?

सगळ्यांत गंमत 'आवडण्या'ची. इंग्रजीत 'मी आवडते' अशा धर्तीवर बोलावं लागतं. इटालियनमध्ये 'मी प्याचे' म्हणजे 'मला आवडतं'. त्यांची 'मी' म्हणजे आपली 'मला'! एक वस्तू आवडली तर 'प्याचे', अनेक आवडल्या तर 'प्याच्चोनो'. मला भात आवडतो, मला लिंबं आवडतात, अगदी तसं. वर्गातल्या इंग्रजी शिकून आलेल्या मुली इथे डोकं धरून बसायच्या, आणि मला एकदाच सांगितलेलं कळलं. त्या दिवशी घरी येताना मी स्वतःसाठी एक पेस्ट्री विकत घेतली!

आता खाचखळग्यांबद्दल.

पहिला खळगा 'च' आणि 'क'चा. रोमन 'सी'पुढे 'इ' किंवा 'ए' आला तर उच्चार 'च', एरवी 'क'. 'क'च हवा असेल तर मधे 'एच' घालतात. 'एच'ला स्वतःचा आवाज नाही. तो नुसता दारात बसून 'च'ला अडवतो, आमच्या चाळीतल्या आजींसारखा! हा नियम मी एका चतुर्थीला शिकले. पोर्ता पालाझ्झोचा बाजार प्रचंड मोठा, उघड्यावर भरणारा. फळवाल्याकडे 'पेशे'चा एक किलो मागितला. त्यानं गोंधळून समोर बोट दाखवलं, मासळीकडे! पीच फळाला अनेकवचनात म्हणायचं 'पेस्के', आणि 'पेशे' म्हणजे मासा. उपासाच्या दिवशी हा प्रसंग!

दुसरा खळगा जोडाक्षरांचा. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. इथे पुन्हा मराठी कामी येते. मका आणि मक्का यांतला फरक ज्या कानांना कळतो त्यांना हे जड नाही. जीभ जरा टेकवून थांबायचं, इतकंच.

तिसरा खळगा आकड्यांचा. 'सेस्सांता' साठ, 'सेत्तांता' सत्तर. घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात. पैसे देताना आकडा लिहून मागा, लाजू नका. पुढचे आकडे मात्र सोपे आहेत. आधी वीस, मग एक, असं क्रमानं जातात. आपलं एकोणसत्तर-एकोणऐंशी तिथल्या कुणाला शिकवून बघा!

चौथा खळगा मानाचा. 'चाओ' सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी. वाणी, डॉक्टर, शिक्षिका यांना सकाळी 'ब्वोन्जोर्नो' आणि संध्याकाळी 'ब्वोनासेरा'. आपल्या 'तू'ला त्यांचा 'तू'च आहे. आपल्या 'आपण'साठी 'लेई' म्हणतात. 'लेई' म्हणजे एरवी 'ती', पण मानानं बोलताना समोर पुरुष असला तरी 'लेई'च. कानाला विचित्र वाटेल, पण 'डॉक्टरसाहेबांनी बसावं' असं आपल्या आज्या समोरच्यालाच म्हणायच्या ना?

स्वयंपाकघरातले थोडे शब्द लिहून घ्या. फडताळावर चिकटवा.

चीज किंवा तसलं काही तोलून घेताना तिथे सहसा ग्रॅम म्हणत नाहीत. शंभर ग्रॅमला 'एत्तो' म्हणतात. पाव किलोपेक्षा थोडं कमी हवं तर 'दुए एत्ती' म्हणजे दोनशे. पुरे म्हणायचं तर 'बास्ता', आणि हे लक्षात ठेवायला आपला 'बस्स' आहेच! 'फारीना दी चेची' म्हणजे चक्क बेसन. तिथले लोक त्याचा 'फारिनाता' नावाचा जाड धिरड्यासारखा पदार्थ भट्टीत भाजतात. तेव्हा पिठल्याची चिंता नको. 'बुर्रो' म्हणजे लोणी. 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरची. कोथिंबीर 'कोरियांदोलो', पण तिचं अनेकवचन करून 'कोरियांदोली' मागाल तर कार्निव्हलमध्ये उधळायचे रंगीत कागदाचे कपटे हातात पडतील! कोथिंबिरीसारखी दिसणारी जुडी बहुधा 'प्रेत्सेमोलो' असते, तिचा वास घेऊन पाहा. आणि न्हाणीघरातलं विसरू नका. नळावर 'सी' असेल तर 'काल्दो', म्हणजे गरम! इंग्रजी 'कोल्ड' समजून मी हात पोळून घेतला आहे.

मोबाइलमध्ये आता भाषांतर होतं, मग शिकायचं कशाला, असं कुणी म्हणेल. दुकानात त्याचा उपयोग आहेच, मीही करायचे. पण मोबाइल पुढे धरून शेजारणीशी मैत्री होत नाही. आणि मनातलं अवघड सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं.

वर्ग सुरू होऊन अडीच महिने झाले तेव्हा आमच्या बाईंनी 'कोन्सुल्तोरियो'बद्दल सांगितलं. बायकांच्या आणि कुटुंबाच्या आरोग्यासाठी ही सरकारी केंद्रं १९७५ च्या कायद्यानं सुरू झाली. काही ठिकाणी परदेशी बायकांसाठी दुभाषी बाईसुद्धा असते. मी चौकशी केली, वेळ घेतली. दुभाषी मागू शकले असते, पण मागितली नाही. आदल्या रात्री वहीत चार वाक्यं लिहिली आणि ओट्यापाशी भांडी घासत घासत पाठ केली.

"मी फा माले क्वी." इथे दुखतं. हे वाक्यसुद्धा आपल्याच वळणाचं. 'दा दुए मेझी', दोन महिन्यांपासून. पाळीला 'चिक्लो'. रक्त जातं याला 'पेर्दिते दी सांग्वे'.

मी एकटी गेले. डॉक्टर बाई होत्या. त्या भराभर बोलू लागल्या तशी मी म्हटलं, "प्यू प्यानो, पेर फावोरे." जरा सावकाश, कृपा करून. त्या हसल्या, खुर्ची जवळ ओढून घेतली आणि एकेक शब्द सुटा करून विचारू लागल्या. माझ्या व्याकरणात चुका होत्या, पण मी काहीही गाळलं नाही. तपासणीत गर्भाशयात एक साधी गाठ निघाली. वेळेवर कळली, उपचार झाले, बरी झाले. घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "कुणी भाषांतर केलं?" मी म्हटलं, "मीच." ती नुसती बघत राहिली. त्या दिवसापासून मी तिची पुन्हा आई झाले.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुझ्यासाठी एवढंच. निघण्याआधी रोज वीस मिनिटं काढ. पहिल्या आठवड्यात अक्षरं आणि आकडे, दुसऱ्यात बाजार, तिसऱ्यात आजारपण. सगळी वाक्यं स्त्रीलिंगी पाठ कर. तिथे पोचलीस की महिन्याच्या आत वर्गात नाव घाल. वर्गात तुझ्यासारख्याच आणखी चारजणी भेटतील, ते भाषेइतकंच मोलाचं. राहणं लांबलं तर कागदपत्रांसाठीही हे लागतं. पाच वर्षांनंतरच्या दीर्घ मुदतीच्या परवान्याला 'ए-२' मागतात, आणि नागरिकत्वासाठी २०१८ च्या अखेरीपासून त्याच्या वरची 'बी-१' पायरी. पण परीक्षेसाठी शिकू नकोस. घरातच राहायचं असलं, तरी त्या घराचं दार उघडून बाहेर बोलणारी तूच असायला हवीस.

कुकर मात्र तीन लिटरचा ने. शिट्टी जोडीला ठेव.

तुमची,
ताई