चेहऱ्याचा ओव्हरड्राफ्ट

आमच्या चंदगड भागात कातडी सोलवटण्याची भीती कुणाला शिकवावी लागत नाही. इथं काजू पिकतो. बी फोडताना टरफलातलं तेल हाताला लागलं की सालपटं निघतात. म्हणून फोडणाऱ्या बायका आधी हाताला राख चोळून घेतात. काजू हा बिब्ब्याचा भाऊबंद, आणि बिब्बा उतला की काय होतं हे सांगायला आमच्या घरात म्हातारी आई आहे. अशा मुलखात माणसं पदरचे पैसे मोजून, कुरिअरने ॲसिड मागवून तोंडाला फासतील असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता काढत नाही. माझ्याच घरात तीन बाटल्या निघाल्या.

बाटल्या कन्येच्या. एकीत ग्लायकोलिक ॲसिड; हे उसात सापडतं. दुसरीत लॅक्टिक, हे दह्यात असतं. तिसरीत सॅलिसिलिक, हे पायाच्या कुरुपावर चिकटवायच्या पट्टीत असतं. ऊस कारखान्याला जावा, दही कढीला आणि पट्टी तळपायाला. या तिघांची बैठक माझ्या मुलीच्या गालावर भरायचं कारण काय?

"बाबा, यानं मृत त्वचा निघते," कन्या म्हणाली.

या 'मृत' शब्दावरच माझा राग आहे. घरावरची कौलं काय जिवंत असतात? म्हणून चंदगडच्या आषाढात ती उतरवून ठेवा बघू! त्या मेलेल्या थरामुळेच अंगातलं पाणी आत राहतं आणि बाहेरची पीडा बाहेर.

बाटलीवर 'आठवड्यातून दोनदा, रात्री' असं स्वच्छ छापलं होतं. कन्येने तिन्ही बाटल्या रोज लावल्या. पहिल्या आठवड्यात चेहरा चमकला. दुसऱ्या आठवड्यात चुरचुरू लागला. "चुरचुरतंय म्हणजे काम करतंय," असा तिचा सिद्धान्त. त्याला तिच्या आईचं अनुमोदन. मी विचारतो, दाढ ठणकते तेव्हा ती काय काम करत असते? तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्याची सालपटं सुटली. सालपटं सुटली, म्हणजे मृत त्वचा अजून शिल्लक आहे, असा निष्कर्ष काढून डोस वाढवण्यात आला! शेवटी साधं पाणीही झोंबू लागलं. तेव्हा आईने नातीची हनुवटी वर केली आणि विचारलं, "बिब्बा लावलीस काय गं तोंडाला?"

बेळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, ते मला बँकेच्या भाषेत लगेच कळलं. तरुण वयात खालून नवी त्वचा वर यायला साधारण महिना लागतो. म्हणजे पगार महिन्याचा, आणि ही बया पैसे काढत होती रोज! खातं तळाला गेलं. शिवाय व्याज आहेच. आपल्यासारख्या सावळ्या कातडीची आग झाली की मागे काळे डाग राहतात, आणि ते जायला महिनोन्‌महिने लागतात. उजळायला गेली आणि काळवंडून आली.

ॲसिडशी माझं वैर नाही. अंगावर माशासारखे खवले धरणाऱ्या रोग्यांना या आम्लांनी आराम पडतो, हे अमेरिकेतल्या व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी १९७४ साली दाखवून दिलं. पुढे १९९८ साली तिथल्याच तज्ज्ञांच्या समितीने घरी वापरायच्या ग्लायकोलिक आणि लॅक्टिकला कुंपण घातलं: १० टक्क्यांच्या वर नको, सामू ३.५ च्या खाली नको, आणि उन्हापासून बचाव हवाच. डॉक्टरांचा सल्लाही त्याच वळणाचा. आधी सगळं बंद. सौम्य साबण, साधं मलम, दिवसा सनस्क्रीन, आणि झोंबणं पूर्ण थांबेपर्यंत सबुरी. नंतर हौस असेलच तर एकच बाटली, आठवड्यातून एक रात्र. त्या रात्री दुसरं काही घासायचं नाही. झोंबलं की थांबायचं.

परतीच्या एस्टीत, शिनोळी मागे पडल्यावर, मी व्याख्यान सुरू केलं. "एवढी घाई कसली होती गं तुला?"

कन्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बायोडाटात 'रंग : गोरा' तुम्हीच लिहिलंय ना बाबा? पाहुणे यायच्या आत ताळा जुळवत होते."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक खोटी नोंद केली नव्हती. घरात मात्र बिनदिक्कत केली, आणि ती खरी करायला पोरीने स्वतःचं तोंड सोललं. तेव्हा बाटलीवर मर्यादा छापून भागायचं नाही. आम्हा बापांच्या कपाळावरही छापायला हवी.

त्या रात्री बायोडाटा काढला आणि रंगाची ओळच खोडली. बँकेत चुकीची नोंद खोडली की शेजारी सही करावी लागते. तीही केली.