मुठीएवढं इंद्रिय

परवा हळदीकुंकवाला जुनी मैत्रीण भेटली. चेहरा फुगलेला, पावलं सुजलेली. विचारलं तर म्हणते कशी, "अगं, दिवसभर ओट्याशी उभं राहून होतं तसं! गुडघ्यासाठी दुकानातनं गोळी आणते नि घेते झालं." माझ्या पोटात धस्स झालं आणि डॉक्टर एम. के. मणी आठवले.

मणी मूत्रपिंडाच्या विकारांचे तज्ज्ञ. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांनी काम केलं. १९७५ साली जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा तिथं त्यांच्यावर उपचार करणारे हेच. पुढं ते मद्रासच्या अपोलो रुग्णालयात गेले. रुग्ण तपासायचे, नवे डॉक्टर तयार करायचे, संशोधन करायचं, असा सारा व्याप. १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं.

पण यंत्रावर रक्त शुद्ध करण्याचा खर्च किती घरांना झेपणार? म्हणून त्यांनी दुखणं मुळातच अडवायचं ठरवलं. मद्रासजवळच्या खेड्यांत, सुमारे २५,००० वस्तीत, गावातल्याच मुलींना शिकवून घरोघरी पाठवलं. त्या लघवीतली प्रथिनं नि साखर तपासत, रक्तदाब मोजत. दोष आढळला की जुनी, स्वस्त औषधं सुरू. बहुतेकांचा रक्तदाब आटोक्यात आला!

बायांनो, मुठीएवढं हे इंद्रिय मोठं सोशिक, अगदी आपल्यासारखंच! बरंचसं निकामी होईतो ब्र काढत नाही. तेव्हा एवढं कराच:

• रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर दोन्ही ताब्यात ठेवा. वर्षातून एकदा लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या.

• अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका.

• मीठ दिवसाला चहाच्या एका चमच्याहून कमी हवं; लोणचं-पापडातलंही त्यातच धरायचं बरं का!

• लघवीला सतत फेस, पावलांवर किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, तर डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला मीच दवाखान्यात नेलं. रक्तदाब चढलेला, लघवीतून प्रथिनं जाणारी. गोळ्या बंद झाल्या, उपचार सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात." बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "यांना साधी शिंक आली तरी मी डॉक्टरकडं पळते गं. स्वतःसाठी मात्र आज पहिल्यांदाच आले."

तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?